मिश्री म्हणजे खडीसाखर नव्हे

कुसाबाईंबद्दल लिहायला बसले की आधी माझा मलाच राग येतो आणि लिहिणं राहून जातं. आज तो राग बाजूला ठेवून लिहायचं ठरवलंय. जमेल तितकं.

त्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात झाडलोट करायच्या. नाशिक शहर मागे पडून रस्ता गंगापूर धरणाकडे निघतो, तिकडे आमचं विद्यापीठ आहे. मी श्यामला, त्या वसतिगृहाची अकरा वर्षं रेक्टर. मुली माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. कुसाबाई माझ्या आधीपासूनच्या. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "टिकणार का तुमी? आधीच्या दोघी रडत गेल्या." मी टिकले आणि त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

त्या मूळच्या सिन्नरच्या. आठव्या वर्षी मांडीवर सूप आलं ते एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत उतरलं नाही. विड्या वळून वळून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला चपटी झाली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं आणि दिराच्या घरात जागा उरली नाही. मग कुणाच्या तरी ओळखीने त्या सफाईच्या ठेकेदाराकडे लागल्या आणि इथे आल्या. वसतिगृहाच्या मागे झाडू, बादल्या, फिनेल ठेवायला दहा बाय आठची खोली बांधलेली होती. "दोन दिवस ऱ्हाते," म्हणून त्या तिथे राहिल्या आणि एकोणीस वर्षं राहिल्या. भिंतींना दर दिवाळीला चुना दिला. फळीवर देव मांडले. दारात तुळस लावली, तिच्याशेजारी फुटक्या बादलीत कोथिंबीर. सिन्नरहून भावजय आली की तिला चहा पाजून सांगायच्या, "नाशकात माझं सोताचं घर हाय." भावजय कोपऱ्यातल्या फिनेलच्या डब्यांकडे बघत चहा संपवायची. जगात त्यांचं म्हणावं असं तेवढंच होतं.

स्वभाव म्हणाल तर कडक. न्हाणीघराच्या जाळीत केस अडकले की मजल्यावरच्या सगळ्या मुलींना बाहेर काढायच्या. "केस तुमचे, उचलायचे मी? डोक्यावर हायेत तवर लय लाड करता त्यांचे." परीक्षेच्या दिवसांत मात्र त्याच मुलींच्या दाराबाहेर पाय न वाजवता फरशी पुसायच्या. कुणी नापास झालं की तिला स्वतःच्या खोलीत नेऊन भाकरी खायला घालायच्या. गणितात नापास झालेल्या एकीला म्हणाल्या होत्या, "मला तर वीसच्या पुढं येत नाय. मी मेले का?"

व्यसन एकच होतं, मिश्रीचं. तंबाखूची पानं तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि सकाळी ती बोटाने दातांना घासत बसायचं. माझी आजी लावायची, आईही चोरून लावायची. कुसाबाई उंबऱ्यावर बसून, डोळे अर्धे मिटून, अर्धा तास घासत राहायच्या. त्या वेळी हाक मारली तर उत्तर मिळायचं नाही. नंतर म्हणायच्या, "मिश्री लावताना मी देवाशीबी बोलत नाय, तुमी तर मॅडम."

बुधवारी गोदेकाठचा बाजार असतो. तिथून त्या पानं आणायच्या आणि गुरुवारी पहाटे खोलीमागे शेगडी पेटवून भाजायच्या. भाजताना धूर निघायचा, आणि तो साधा नसतो. नाकातोंडात गेला की ठसका लागतो. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. गुरुवारी जाग आली की खिडकी लावून घ्यायची आणि पुन्हा झोपायचं. खरं सांगायचं तर मला तो वास आवडायचा, त्यात मला माझं लहानपण आठवायचं. त्यामुळे मी कधी एका शब्दाने हटकलं नाही.

मृण्मयी आली ती नांदगावहून, संख्याशास्त्रात पीएच. डी. करायला. अंगाने काडी. लहानपणापासून दम्याचा त्रास. तिच्या वडिलांनी मला सगळे कागद दाखवले आणि म्हणाले, "मॅडम, तेवढे जिने चढायला लागू नयेत." मी तिला तळमजल्यावरची मागच्या बाजूची चार नंबरची खोली दिली. शांत, सावलीतली. स्वतःच्या समजूतदारपणावर मी खूश झाले होते. त्या खोलीच्या खिडकीपासून कुसाबाईंची शेगडी पंधरा पावलांवर होती.

पहिला झटका आला तेव्हा मी गावात नव्हते. कुसाबाईंनीच खोकला ऐकला. तिला उठवून बसवलं, फवाऱ्याचं औषध हातात दिलं आणि शेगडीवर पाणी उकळून तिची पाठ चोळत बसल्या. तेव्हापासून ती दोघींची रीतच झाली. मृण्मयी त्यांना मावशी म्हणायला लागली. त्यांच्या तोंडून मृण्मयी काही निघेना, म्हणून ती मुरमई झाली. संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसून त्यांना अक्षरं गिरवायला शिकवायची. सहा महिन्यांत कुसाबाई आपलं नाव लिहायला लागल्या. 'कु'चा उकार इतका लांब ओढायच्या की तो खालच्या ओळीत जायचा.

दम लागायचा तो बहुतेक गुरुवारी. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मुलींमध्ये थट्टा सुरू झाली की मृण्मयीला गुरुवार बाधतो. कुसाबाईंनी ती थट्टा म्हणून घेतली नाही. वणीच्या देवीला बोलल्या आणि पोरीच्या दम्यासाठी गुरुवारचा उपास धरला. उपासाला पोटात काही नसतं, तेव्हा मिश्री लागतेच, म्हणून गुरुवारची भाजणी आणखी पहाटे व्हायला लागली. मृण्मयीला जाग यायची ती दम लागूनच. आणि ती खिडकीशी येईस्तोवर तवा उतरून शेगडीवर तिच्या वाफेचं पाणी चढलेलं असायचं. तिने दोन वर्षांत शेगडीवर पाण्याशिवाय काही पाहिलंच नाही.

तिचा राग होता सिगारेटवर. कँटीनच्या मागे मुलं ओढत उभी असायची, आणि आमच्या भिंतीला लागून प्राध्यापकांची घरं आहेत, तिथे वेणीमाधव सर गॅलरीत सिगारेट ओढत यायचे. ते कायदा शिकवतात. माणूस चांगला, पण वाद घातल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. मृण्मयी एकदा त्यांच्याकडे गेली, मी सोबत होते.

"सर, तुमचा धूर माझ्या खोलीत येतो."

"येत असेल," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं. श्वास हा तुझा हक्क, शंभर टक्के मान्य. पण माझं घर हाही माझा हक्क आहे, मृण्मयी. माझ्या घरात मी काय करावं हे सरकारही सांगू शकत नाही. तू म्हणशील तर खिडकीकडची गॅलरी सोडतो, पुढच्या बाजूला ओढतो. पण ओढणार."

त्यांनी शब्द पाळला, पुढच्या गॅलरीत जाऊ लागले. तरी तिचा दम थांबला नाही.

मग तिने अर्ज लिहिला. संपूर्ण आवार तंबाखूमुक्त करा. चारशेवर सह्या झाल्या. पहिली सही कुणाची होती? कुसाबाईंची. ओढलेल्या उकारासकट. "त्या मेल्या शिगरेटींनी माझ्या पोरीचा जीव खाल्ला," म्हणत त्यांनी पेन घट्ट धरून नाव लिहिलं आणि कागद सगळ्या मजल्यांवर स्वतः नाचवला. मिश्री त्यांच्या मनात तंबाखूत मोडतच नव्हती. ती दाताची होती. माझ्या आईच्याही मनात मोडत नव्हती.

नियमाचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी चांगलं. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या मारणाऱ्यांवर माझा जुना डूख होता, तेव्हा मी काही म्हणजे काही सोडलं नाही. तंबाखू आणि तंबाखूपासून केलेला कोणताही पदार्थ आवारात, सर्व खोल्यांसह, वापरणे, बाळगणे अथवा तयार करणे यास सक्त मनाई. "तयार कोण करणार इथे?" कुणीतरी हसून विचारलं. मी म्हटलं, असू द्या, फट नको राहायला. वेणीमाधव सरांनी सभेत उभं राहून घराच्या खासगीपणावर अर्धा तास भाषण केलं आणि 'राहण्यासाठी दिलेली घरे वगळून' एवढे शब्द पदरात पाडून घेतले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

जूनमध्ये नियम लागू झाला. मुलं फाटकाबाहेरच्या टपरीवर गेली, आवार स्वच्छ झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. आणि ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मृण्मयी निळी पडली. कुसाबाईंनी तिला मांडीवर घेऊन रिक्षातून दवाखान्यात नेलं, पायात चप्पल नव्हती. दोन दिवस ती ऑक्सिजनवर होती. दोन दिवस कुसाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या.

ती बरी होऊन आल्यावर चौकशी समिती बसली. नियम असूनही मुलीला हे का झालं? अध्यक्ष होते नवे उपकुलसचिव, इंदूरकडचे, तरुण, शिस्तीचे. मराठी छान बोलायचे, मधूनच एखादा शब्द हिंदी वळणाने जायचा. मृण्मयीने आपली वही पुढे ठेवली. दोन वर्षांतल्या प्रत्येक झटक्याची तारीख. एकतीस झटके, त्यातले सव्वीस गुरुवारी.

"सर, हा योगायोग नाही," ती म्हणाली. "गुरुवारी इथे काहीतरी होतं."

"काय होतं गुरुवारी?" अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहिलं. "प्रयोगशाळा? कचरा जाळतात? कँटीन?"

कुणाला काही सुचेना. आणि मला सुचलं. वर्गातल्या हुशार मुलीसारखं सुचलं आणि तशाच उत्साहाने मी बोलले.

"गुरुवारी पहाटे कुसाबाई मिश्री भाजतात."

अध्यक्ष हसले. "मिश्री? खडीसाखर? अहो मॅडम, साखर भाजून कुणाला दम लागतो का? काही गोडधोड करत असतील बिचाऱ्या." सगळे हसले. त्यांनी पान उलटलं आणि कँटीनच्या भट्टीचा विषय काढला.

तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. मी गप्प बसायचं होतं. संध्याकाळी कुसाबाईंकडे जाऊन, त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसून, दोन शब्दांत सांगायचं होतं, की बाई, हे भाजणं बंद करा, पोरीला बाधतंय. त्यांनी त्याच मिनिटाला तवा भिंतीपलीकडे फेकला असता. पण माझ्यासमोर कुणी मराठी शब्दाचा चुकीचा अर्थ लावला की मला राहवत नाही. आयुष्यभर मी हेच केलं, लोकांचे शब्द दुरुस्त केले.

"नाही सर," मी म्हणाले, "मराठीत मिश्री म्हणजे खडीसाखर नव्हे." आणि मग तंबाखूची पानं, तवा, धूर, सगळं समजावून सांगितलं. व्यवस्थित, उदाहरणासकट.

बोलता बोलता माझं लक्ष मृण्मयीकडे गेलं. "नाही, मावशी नाही," ती म्हणाली. मग तिने वहीकडे पाहिलं. आकडे तिनेच गोळा केले होते. तिने वही मिटली.

कुसाबाईंना बोलावलं. त्या हात पुसत आल्या.

"बाई, तुम्ही आवारात तंबाखू भाजता?"

"तंबाखू नाय सायेब, मिश्री. आन मी कवा वढली? इडीला हात लावून वीस वरसं झाली."

अध्यक्षांनी अर्जाचा कागद त्यांच्यापुढे केला. "ही सही तुमची ना?"

"माझीच. मुरमईनं शिकवली." त्यांनी अभिमानाने मृण्मयीकडे पाहिलं. "पर ती शिगरेटीची सही हाय."

त्यांना सांगितलं, तुमच्या धुराने या मुलीला दम लागतो. त्यांनी ते मानलं नाही. "मिश्रीनं दात पक्के व्हत्यात. आमच्या घरात पाळण्यातल्या पोरांसमोर भाजत्यात, कुणाला काय झालं नाय. तुमाला माझी खोली पायजे, तसं सांगा." त्या रागावल्या होत्या. खोलीचा विषय तोवर कुणी काढलाही नव्हता. तो त्यांच्या तोंडूनच निघाला आणि अध्यक्षांनी विचारलं, "कोणती खोली?"

मी त्याच दिवशी वेणीमाधव सरांच्या घरी धावले. म्हटलं, "घराचा हक्क म्हणत होता ना? आता भांडा." माणूस खरोखर उठला. इस्त्रीचा शर्ट घालून समितीपुढे आला आणि स्वतःसाठी बोलला त्याहून चांगलं बोलला. ज्या चार भिंतींत माणूस एकोणीस वर्षं झोपतो ते त्याचं घर, असं म्हणाला. अध्यक्षांनी इमारतींची नोंदवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. तिथे लिहिलं होतं, भांडारखोली, क्रमांक दोन. राहणारे कोणी नाही. तेव्हा वगळलेल्या घरांत ती येत नव्हती. उलट तिथे कुणी राहतं आहे हे आता कागदावर आलं होतं आणि ते चालणारं नव्हतं.

बाहेर आल्यावर सर बराच वेळ खिशातलं पाकीट चाचपत उभे होते. "माझी गॅलरी कायद्यात बसते, श्यामलाताई," ते म्हणाले. "तिचा उंबरा बसत नाही." त्यांनी सिगारेट काढली आणि न पेटवता परत ठेवली.

मृण्मयीने अर्ज केला की माझी खोली बदला, मला तिसऱ्या मजल्यावर टाका, मावशींना हलवू नका. पण तिचे वडील आले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मॅडम, तुमची मुलगी ऑक्सिजनवर असती तर?" मला मूल नाही. ते तिला पंधरा दिवसांसाठी नांदगावला घेऊन गेले.

कुसाबाई माझ्या खोलीत आल्या. अकरा वर्षांत त्या माझ्यापुढे कधी खाली बसल्या नव्हत्या, त्या दिवशी बसल्या. "सोडते मिश्री. आत्ताच्या आत्ता सोडते. दात पडले तर पडू द्या. खोली तेवढी नका घेऊ, मॅडम. मी जाऊ कुठं?" मी सगळीकडे फिरले, सगळ्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, पण खोलीबरोबर त्यांचं कामही गेलं. ठेकेदाराने दुसरी बाई पाठवली. शनिवारी कुसाबाईंचा भाचा टेम्पो घेऊन आला. सामान अर्ध्या टेम्पोतच मावलं. तुळशीची कुंडी त्यांनी मुलींना दिली. खोलीत बादल्या परत मधोमध आल्या आणि दारावर नियमाची पाटी लागली. तिच्यावरचं मराठी निर्दोष आहे. ते माझंच आहे.

मृण्मयी परत आली त्यानंतरचा पहिला गुरुवार गेला, दुसरा गेला. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. एकदाही दम लागला नाही. तिची वही कोरी राहिली. गालांवर जरा मांस आलं. एक दिवस ती माझ्याकडे येऊन दारातच उभी राहिली. "मॅडम, मला नीट श्वास येतोय," ती म्हणाली, "आणि मला त्याचीच लाज वाटते." मी तिला जवळ घेतलं. दोघी रडलो. कुणाचं चुकलं असं विचारलं तर मला आजही एक नाव घेता येत नाही, माझं सोडून.

दिवाळीनंतर तिने हट्ट धरला, मला मावशींकडे न्या. मी माझी जुनी गाडी काढली. सिन्नरला पोचेपर्यंत ती काय काय बोलायचं ते मनाशी जुळवत होती, मध्येच पुटपुटत होती. गल्लीच्या तोंडाशी मी गाडी उभी केली. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या आणि तंबाखूचा खकाणा नाकाला झोंबत होता. मी तिला म्हटलं, "तू काचा लावून बस. मी त्यांना बाहेर घेऊन येते." तिने मान हलवली.

कुसाबाई भावाच्या घरी पुढच्या खोलीत खाली बसल्या होत्या. मांडीवर सूप. पान, चिमूट, गुंडाळी, दोरा. वीस वर्षांनी बोटं काही विसरली नव्हती. मला पाहून हसल्या, पण हात थांबवले नाहीत. वाळल्या होत्या. दात स्वच्छ दिसत होते.

"मिश्री सोडलीत?"

"त्याच दिशी." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता ही इडी चालती, मॅडम. गाड्या भरून जाती. समद्यांचा तंबाखू चालतो. माझी चिमूटभर तेवढी चालली नाय."

भावजयीने पाणी दिलं, ती आत गेली. कुसाबाईंनी मान खाली घालूनच विचारलं, "मुरमईला दम लागतो का अजून?"

येताना मी सगळ्याचा विचार केला होता, या प्रश्नाचा केला नव्हता. लागतो म्हटलं तर त्यांना काळजी, पण त्या सुटल्या असत्या. नाही म्हटलं तर. मी खोटं बोलू शकले असते. जिथे गप्प राहायचं तिथे मी राहिले नव्हते, इथे निदान खोटं बोलायला हवं होतं. पण तोंडातून खरं निघून गेलं.

"नाही, कुसाबाई. एकदाही नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "देवी पावली," म्हणाल्या. "मी वणीला बोलले व्हते." एक विडी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या पानावर चिमूट टाकली आणि पान तसंच हातात उघडं राहिलं.

"कवापास्नं नाय?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी आले तवापास्नं?"

"हो."

"म्हंजी गुरवारीबी नाय."

"नाही."

त्या पानाकडे बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "दोन वरसं," त्या हळू म्हणाल्या, "दोन वरसं मीच करीत व्हते आन मीच तिची पाठ चोळीत व्हते." मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. त्यांच्याकडे पाहून असं वाटलं की ही बाई पुन्हा कधी कुणाची पाठ चोळणार नाही.

तेवढ्यात बाहेरून खोकला आला. एकच, दाबलेला. मला तो गल्लीतला कुणाचाही वाटला असता. कुसाबाईंनी झटकन मान वर केली.

"तुमी तिला हितं आणलं?"

त्यांच्या आवाजात इतका राग मी कधी ऐकला नव्हता, समितीसमोरही नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या, पदर झटकायला हात उचलला आणि तसाच थांबवला. झटकला असता तर धूळ उडाली असती. त्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं. मग दाराशी गेल्या, दार लोटलं आणि आतून कडी लावली.

"मावशी." मृण्मयी ओट्यावर आली होती. "मावशी, मी आहे. दार उघडा."

कुसाबाईंनी दाराला हात लावला. "माघारी जा, पोरी. हितं लय धूळ हाय."

"मी तोंडाला बांधलंय. दोन मिनिटं फक्त. मला तुम्हाला बघायचंय."

"बघून काय करती? हाय तशी हाय मी."

"मावशी, ती वही माझी होती. माझ्यामुळे झालं सगळं."

"वही चांगली व्हती," कुसाबाई म्हणाल्या. "अशीच लिवत जा. मोठी हो. आता जा."

बाहेर पुन्हा खोकला सुरू झाला आणि या वेळी तो थांबेना. मग फवाऱ्याच्या औषधाचा आवाज आला, एकदा, दुसऱ्यांदा. प्रत्येक आवाजाला कुसाबाई डोळे मिटत होत्या. मी कडीकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्या चपट्या बोटांत अजून ताकद होती.

"मावशी, मी परत येईन," बाहेरून आवाज आला.

"येऊ नको," त्या म्हणाल्या. "शपत हाय तुला माझी. या गल्लीत पाय ठेवायचा नाय."

दाराच्या एका बाजूला ती उभी होती, एका बाजूला ह्या. मग पावलं ओट्यावरून उतरली. कुसाबाई दाराला कान लावून ती ऐकत राहिल्या, गल्लीच्या टोकाला गाडीचं दार वाजेपर्यंत. मग त्यांनी कडी काढली, माझ्यापुरतं दार किलकिलं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता तुमीबी जावा. ती येकटी हाय बाहेर."